मॅडम, सेल्फ मारा

जनावरांचे चार डॉक्टर एकत्र जेवायला बसले की पहिल्या घासालाच किस्से सुरू होतात. कुणाला बैलानं लाथ मारलेली असते, कुणाच्या हातून शेळी सुटून थेट ग्रामसभेत शिरलेली असते. हे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गाडीच्या डिकीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते साठत जातात. माझ्याकडेही बरेच साठलेत. फरक एवढाच, की माझ्या निम्म्या किश्शांत जनावर येतच नाही. जनावरापर्यंत पोचायच्या आधीच गाडी 'टक' म्हणते आणि किस्सा तिथंच होऊन जातो.

मी सुजाता. राहते परभणीत, आणि ताडकळसच्या पुढं एका गावातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात सहा वर्षं डॉक्टर आहे. गावाचं नाव सांगत नाही. गावाला हे सगळे किस्से माहीतच आहेत, उगाच त्यांना पुन्हा हसायला कशाला लावायचं? दवाखान्यात माझ्याबरोबर सोपानराव असतात. हुद्द्यानं परिचर, पण जनावर धरण्यापासून गावातली भांडणं सोडवण्यापर्यंत सगळं तेच बघतात. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत आणि तोवर मला शहाणं करून जायचं असं त्यांनी मनावर घेतलेलं आहे.

गाडी माझ्या वडिलांची. बाबा मराठीचे शिक्षक. रिटायर झाल्यावर हौसेनं एक छोटी पांढरी गाडी घेतली, पाच-सहा वर्षं चाळीसच्या वर कधी नेली नाही, आणि मग एक दिवस चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू रोज बसनं जातेस, मला बघवत नाही. घेऊन जा. माझ्या हातात तिला कधी काही झालं नाही."

मला भरून आलं होतं. खरंच.

* * *

पहिला 'टक' दुपारी एक वाजता झाला. लसीकरणाला निघाले होते. चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, हॉर्न वाजला, आणि बोनेटमधून फक्त एवढाच आवाज आला. टक. पुन्हा फिरवली. टक.

बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "फोन बोनेटजवळ धर आणि परत चावी फिरव." सोपानरावांनी फोन धरला, मी चावी फिरवली.

"हा एकच 'टक' आहे, का 'टकटकटक' असं आहे?" बाबांनी विचारलं.

"त्यानं काय फरक पडतो, बाबा?"

"ध्वन्यनुकारी शब्दात फार फरक पडतो. दोन्हींचा अर्थ वेगळा."

आता मला कळतं, की त्या दिवशी त्या गाडीबद्दल बोललं गेलेलं ते एकमेव शहाणपणाचं वाक्य होतं. टकटकटक झालं तर बॅटरी उतरलेली असते. एकच टक झाला तर बॅटरीच्या पुढं कुठंतरी घोटाळा असतो. पण त्याच सकाळी मी एका बैलाच्या पोटाचं दुखणं नुसत्या हातानं तपासून बरोबर ओळखलं होतं. त्यामुळे माझ्याच अंगात वारं भरलेलं. मी तिथंच निदान जाहीर केलं. बॅटरी गेली.

दुसऱ्या दिवशी जुनी देऊन नवी बॅटरी घेतली. दुकानदार म्हणाला, माणूस पाठवतो बसवायला. मी म्हटलं, नको. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले होते. दवाखान्यातली पक्कड घेऊन मीच बसवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. सोपानरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मला त्या ऐकू आल्या.

चार दिवस गाडी गुणानं चालली. पाचव्या दिवशी सकाळी, टक.

* * *

मग मुनीरभाई आले. परभणीहून पिंगळीकडं जाताना रस्त्याच्या कडेला त्यांचं सेल्फ-डायनामोचं छोटं दुकान आहे. गाडी सुरू करणाऱ्या मोटारीला आमच्याकडं सगळे 'सेल्फ'च म्हणतात, आणि सेल्फ बिघडला की मुनीरभाई. पन्नाशीचा माणूस, पांढरी होत आलेली दाढी, डोळ्यांवर चष्मा, शर्टाच्या खिशाला टेस्टर. बोलणं एकदम हळू. त्यांना बघितलं की मला आमच्या कॉलेजातले सर्जरीचे सर आठवायचे.

मी त्यांना सविस्तर सांगितलं. बॅटरी नवी आहे, मी स्वतः बसवली आहे, त्यामुळे बॅटरीचा प्रश्न नाही, प्रश्न आत कुठंतरी खोल आहे.

मुनीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बोनेट उघडून दोन बोटांनी बॅटरीची वायर धरली. ती नुसती उचलली गेली. पेल्यावरचं झाकण उचलावं तशी.

"मॅडम, टर्मिनल आवळलंच न्हाई तुमी," ते म्हणाले. वायरीच्या टोकाला आतून पांढरी भुकटी धरली होती. त्यांनी सोपानरावांकडून गरम पाणी आणि खायचा सोडा मागून घेतला, टोक स्वच्छ धुतलं, घासलं, आवळलं. गाडी सुरू झाली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

"जुनी बॅटरी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"दुकानदाराला देऊन टाकली. खराब झाली होती."

"खराब नव्हती ओ."

"कशावरून?"

मुनीरभाईंनी चष्मा काढून पुसला. "आठ महिन्यांमागं मीच बसवून दिली ना सरांना, तुमच्या वडलांना."

* * *

ताडकळसच्या आठवडी बाजाराचा दिवस. आदल्याच दिवशी टर्मिनल आवळलेलं, म्हणून मी निर्धास्त होते. बाजाराच्या रस्त्यात एकाच्या शेळीला बघून परत गाडीत बसले तर टक. मागच्या सीटवर बर्फाच्या डब्यात लस. पुढच्या गावात शंभरेक जनावरं बांधून लोक थांबलेले, आणि लस उन्हात ठेवली की वाया.

सोपानराव म्हणाले, "ढकलून करू मॅडम. सेकंड टाका, क्लच दाबून धरा. मी म्हनलं की सोडा."

बाजारात माणसांना काय तोटा. दहा जण आले. मी सेकंड टाकला, क्लच दाबला, लोकांनी ढकललं, सोपानराव ओरडले "सोडा", मी सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला आणि उभी राहिली.

पुन्हा. गचका. पुन्हा. असं करत आम्ही भांड्यांच्या दुकानांपासून भाजीपर्यंत आलो. भाजीवाल्यांनी पाट्या मागं ओढून वाट करून दिली. ढकलणारे बदलत गेले, मी तीच राहिले. एक जण म्हणाला, "इंजिन जाम झालंय." दुसरा म्हणाला, "गिअरबॉक्स गेलाय." मी खिडकीतून मान बाहेर काढून म्हटलं, "नाही, सेल्फचा प्रॉब्लेम आहे." आपल्याला कळतं हे लोकांना कळायला हवं ना.

मेथी विकायला बसलेली एक म्हातारी इतका वेळ नुसती बघत होती. गाडी तिच्यासमोर थांबली तशी उठून खिडकीपाशी आली, आत वाकून बघितलं.

"बाई, माझ्या नातवाच्या गाडीत आत लाल दिवे लागतेत. तुमच्या गाडीला न्हाईत का?"

मी डॅशबोर्डकडं बघितलं. दिवे लागलेले नव्हते. लागणार कसे? बॅटरी वाचावी म्हणून मी सुरुवातीलाच चावी बंद केली होती.

हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. हळूच चावी फिरवली आणि म्हटलं, "एकदा, शेवटचं ढकला." गाडी सुरू झाली, लस वेळेवर पोचली. सोपानराव सगळ्या रस्त्यानं खिडकीबाहेर बघत बसले होते. पुढच्या गावाची वेस आली तेव्हा म्हणाले, "म्हातारीकडून मेथी घ्यायला पाहिजे होती मॅडम."

* * *

त्यानंतर सोपानरावांनी एक उपाय शोधून काढला. त्यांच्या भाच्याच्या टेम्पोला असंच झालं होतं म्हणे. ते बोनेट उघडत, वरून एक लांब सळई सेल्फवर टेकवत आणि बैलाचे खूर कापताना वापरायची लाकडी हातोडी त्या सळईवर मारत. मी आत बसून चावी फिरवायची. माझ्याकडून टक, त्यांच्याकडून ठक, आणि गाडी सुरू.

मुनीरभाईंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ठोकल्यावर चालू व्हायला लागली ना? मंग सेल्फमधले कार्बन घासलेत. उद्या घेऊन या, एका घंट्याचं काम."

पण उद्या वेळ नव्हता. परवा कॅम्प होता. नंतर मला वाटलं, ठोकून चालतंय तर घाई काय आहे? टक, ठक, टक, ठक करत दिवस जायला लागले. गावातली लहान पोरं दवाखान्याबाहेर आमची नक्कल करायची. एकानं टक म्हणायचं, दुसऱ्यानं ठक.

एक दिवस सोपानराव रजेवर होते. सकाळी लिंबाजीभाऊ नावाचे शेतकरी बैल घेऊन आले. मुंगीच्या चालीनं चालणारा, एक पाय उचलून धरलेला बैल. खुरात जखम, आत पू. मी साफ करता करता त्यांना धारेवर धरलं. "किती दिवस झाले याला? दोन आठवडे? दोन आठवडे हळद लावत बसलात? भाऊ, तो मुका आहे, तुम्ही तर मुके नाही ना? दुखणं असं अंगावर काढायचं असतं का?" लिंबाजीभाऊ खाली मान घालून ऐकत होते. मी पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं, आणि जाता जाता आणखी दोन वाक्यं ऐकवली.

मग मला निघायचं होतं. चावी फिरवली, टक. दवाखान्यात दुसरं कुणीच नाही. लिंबाजीभाऊ बैल सोडत होते.

"भाऊ," मी म्हटलं, "जरा येता का? फक्त या सळईवर हातोडी मारायची."

ते आले. मी दाखवलं तसं नेमकं मारलं. गाडी सुरू झाली. त्यांनी सळई, हातोडी नीट बाजूला ठेवली, हात झटकले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून ठोकायलात असं मॅडम?"

खोटं बोलायला जमलं नाही. "तीन आठवडे झाले."

"हां," ते म्हणाले. "आमी दोनच काढले." आणि बैलाचा कासरा धरून हळूहळू निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मुनीरभाईंच्या दुकानासमोर उभी होते. दुकान नऊला उघडतं.

* * *

कार्बन बदलले आणि गाडी खरोखर सुधारली. मीही सुधारले असं मला वाटायला लागलं. टर्मिनल, सोलेनॉइड, कार्बन असे शब्द तोंडात बसले होते. अशातच जिल्ह्याहून आमचे मोठे साहेब तपासणीला आले. दवाखाना बघितला, लसीचा फ्रीज बघितला, खूश झाले. निघताना त्यांचा ड्रायव्हर कुठं दिसेना. चहा प्यायला गेला होता. साहेबांना घाई होती, त्यांनी स्वतःच जीपची चावी फिरवली.

टक.

माझ्या अंगावर शहारा आला. साहेबांच्या जीपमधून माझ्या ओळखीचा आवाज.

"सर, तुम्ही बसून राहा," मी म्हटलं. "हा सेल्फचा आवाज आहे. कार्बन घासले असणार. सोपानराव, सळई आणा."

सोपानराव माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "आधी ड्रायव्हरला येऊ द्या मॅडम." मी ऐकलं नाही. साहेब खाली उतरून उत्सुकतेनं बघायला लागले, म्हणून मी त्यांना सेल्फ म्हणजे काय, आत मोटार कशी असते, कार्बन कुठं घासतात, हे सगळं समजावून सांगितलं. साहेब मान हलवत होते. पाच-सहा वेळा ठोकून झालं. टक, ठक, टक, ठक. जीप काही दाद देईना.

"आर्मेचर जळालं असेल," मी म्हटलं. हा शब्द मी मुनीरभाईंच्या दुकानात ऐकला होता. त्याचा अर्थ मला आजही धड माहीत नाही.

तेवढ्यात ड्रायव्हर मिशा पुसत आला. आम्हा तिघांना बोनेटमध्ये डोकं घातलेलं बघून थबकला. मग आमच्यामधून हात घातला, बॅटरीची वायर दाबून बसवली, दोन आटे फिरवले.

"मीच ढिली करून गेल्तो साहेब," तो म्हणाला. "गाडी लय वेळ उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हनून."

जीप सुरू झाली. साहेब आत बसले. काच वर करता करता म्हणाले, "डॉक्टर, दवाखाना छान ठेवलाय तुम्ही."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते काय असेल याचा विचार मी अजून झोपताना करते.

* * *

पावसाळा संपला तसा अधूनमधून टक पुन्हा ऐकू यायला लागला. रोज नाही. आठवड्यातून एखादा. मुनीरभाई यायचे तेव्हा गाडी हटकून पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. आजारी जनावर दवाखान्यात आणलं की टुणटुणीत होतं आणि घरी गेलं की परत पडतं, तसलाच प्रकार.

एका रविवारी बाबा म्हणाले, "मला तुझा दवाखाना दाखव. एकदाही आलो नाही मी." मी त्यांना घेऊन गेले. म्हटलं होतं, आत आल्यावर खुर्ची, टेबल, भिंतीवरचं माझं नाव बघून त्यांना बरं वाटेल. बाबा गाडीतून उतरले आणि आत यायचं सोडून अंगणात उभं राहून चहूकडं बघायला लागले. मग फाटकाबाहेर जाऊन रस्ता बघून आले.

"काय शोधताय बाबा?"

"इथं उतार कुठं आहे?"

"कसला उतार?"

"गाडी लावायला."

"गाडीला उतार कशाला लागतो?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग निंबाच्या झाडाकडं. चाळीस वर्षं पोरांना उत्तरं विचारलेला माणूस, पण स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देताना फार अवघडतो.

आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीजवळ चांगला उतार आहे. बाबा घरासमोर जागा असून गाडी कायम तिथं लावायचे आणि घरापर्यंत चालत यायचे. मी विचारलं की म्हणायचे, "पाय मोकळे होतात." आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. आई शेजाऱ्यांना सांगायची, या वयातही व्यायाम चुकवत नाहीत.

"म्हणजे गाडी आधीपासूनच..." मी म्हटलं.

"माझ्या हातात तिला कधी काही झालं नाही," बाबा म्हणाले. "उतारावर सोडली की सुरू व्हायची." आणि दवाखान्याच्या सपाट अंगणाकडं बघून, विद्यार्थ्याची चूक दाखवावी तसं म्हणाले, "ही जागा निवडताना कुणी विचार केलेला दिसत नाही."

* * *

आता शेवटचा.

दिवस नेमका सोपानरावांच्या रजेचा. बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. दुपारी अडीचला फोन आला. गयाबाईंचा. साठी ओलांडलेली बाई, नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन दूर. वस्तीवर त्या आणि त्यांची म्हैस, एवढंच घर. चार घरी दूध घालून त्यांचं चालतं. म्हशीला त्या 'साळू' म्हणतात आणि तिच्याशी दिवसभर बोलतात.

"बाई, साळू सकाळधरनं अडलीय," त्या म्हणाल्या. "पाय दिसायलेत. तोंड दिसना."

पाय बाहेर आणि तोंड नाही, म्हणजे आत मान मागं वळलेली. जितका उशीर तितकं अवघड. आधी पिल्लू जातं, मग म्हैसही. मी बॅग उचलली, दोऱ्या घेतल्या, गाडीत बसले.

टक.

ठोकून बघितलं. एकटीनं ठोकायचं आणि पळत येऊन चावी फिरवायची. टक. रस्त्यावर एक मोटारसायकल दिसेना. सहा किलोमीटर. मी मुनीरभाईंना फोन लावला. नशिबानं ते ताडकळसला कुणाचा तरी ट्रॅक्टर बघायला आले होते. पंधरा मिनिटांत स्कूटरवर हजर झाले आणि थेट बोनेट उघडलं.

"गाडी राहू द्या," मी म्हटलं. "मला वस्तीवर सोडा."

"दोन मिनिट मॅडम, मला आता अंदाज आलाय."

"मुनीरभाई, तिथं दोन मिनिटं नाहीत."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, बोनेट तसंच उघडं टाकलं आणि स्कूटर वळवली.

वस्तीवर पोचलो तर साळू आडवी पडलेली, डोळे पांढरे केलेले. मी बाह्या वर केल्या, हात धुतले, आत हात घातला. मान डावीकडं पूर्ण वळलेली. पिल्लाच्या खुराला चिमटा घेतला. पाय किंचित मागं गेला. जिवंत होतं.

"मुनीरभाई, ही दोरी धरा."

ते दोन पावलं मागं सरकले. "मॅडम, मी आजपर्यंत जनावराला हात लावला न्हाई. कोंबडीबी दुसरेच कापतेत आमच्या घरी."

"हात नाही लावायचा. फक्त दोरी. मी म्हटलं की ओढायची, थांबा म्हटलं की थांबायचं."

गयाबाईंनी साळूचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या कानात काहीतरी बोलत होत्या. पिल्लाला मागं ढकलून मान सरळ करायला जागा करायची, तर साळू कळ द्यायची आणि माझा हात हाडात आवळला जायचा. बोटं बधिर झाली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. एकदा तर साळूनं कळा देणंच बंद केलं. गयाबाई बोलायच्या थांबल्या. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. पण तेवढ्याच सैल झालेल्या जागेत माझी बोटं पिल्लाच्या जबड्याखाली पोचली आणि मान फिरली.

"ओढा. थांबा. आता ओढा. हळू."

मुनीरभाई डोळे मिटून ओढत होते. ओठ हलत होते, दुआ म्हणत असावेत. रेडकू बाहेर आलं. मादी. चांगली भरलेली, काळीभोर वगार. आणि श्वास नाही.

नाक साफ केलं, तोंडातलं काढलं, पोत्यानं अंग चोळलं, नाकात गवताची काडी फिरवली. छातीला कान लावला. ठोका होता, श्वास नव्हता. पुन्हा चोळलं. माझ्या हातात ताकद उरली नव्हती.

मुनीरभाई वाकून बघत होते. "एकदा मारून बघू मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं.

"मारा," मी म्हटलं.

त्यांनी पंजा उघडा करून वगारीच्या बरगडीवर एक चापट मारली. मग अंदाज घेऊन जरा वर दुसरी.

वगार शिंकली. मान झटकली, आणि पोट खालीवर व्हायला लागलं.

गयाबाई पदर तोंडात धरून मटकन खाली बसल्या. मी विहिरीपाशी हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. डोळेही धुवायचे होते.

परत दवाखान्यात आल्यावर मुनीरभाईंनी बॅटरीच्या एका टोकापासून इंजिनपर्यंत एक जाड वायर नुसती धरली. "मॅडम, सेल्फ मारा," ते म्हणाले. गाडी सुरू झाली. वायर काढली, टक. परत धरली, सुरू. मग खाली हात घालून त्यांनी एक पट्टी सोडवून आणली. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी. वरचं कव्हर झकास, आत सगळी गंजून भुगा झालेली.

"करंट जात होता," ते म्हणाले, "परत यायला रस्ता न्हवता." नवी पट्टी बसवली. त्या दिवसापासून आजपर्यंत गाडीनं टक केलेलं नाही.

आठ दिवसांनी गयाबाई वगार रिक्षात घालून दवाखान्यात आल्या. वगारीला हागवण लागली होती. सोपानराव टेबलापाशी रजिस्टर भरत होते. मी उठून पुढं झाले. म्हटलं, "आणा मावशी, बघू."

गयाबाईंनी वगार जराशी मागं ओढून धरली. माझ्या खांद्यावरून आत बघितलं.

"मोठे डॉक्टर न्हाईत का आज?"

"कोण मोठे डॉक्टर?"

"ते दाढीवाले, चष्म्याचे," त्या म्हणाल्या. "तुमी बिचाऱ्या घंटाभर हात घालून बसल्या. तुमी लय केलं, मी न्हाई म्हनत न्हाई. पर त्यांनी दोन चापट्या मारल्या अन् वगार शिंकली."

सोपानरावांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी," मी म्हटलं, "ते आज परभणीला आहेत. त्यांना यायला वेळ लागेल."

"लागू द्या की." गयाबाई निंबाखालच्या ओट्यावर जाऊन ऐसपैस बसल्या आणि वगारीला मांडीशी ओढून घेतलं. "मोठ्या डॉक्टरला लागतोच."